मारवाडची सांगरी बोरीवलीच्या बाजारात

कापडाच्या खरेदीसाठी पाली, बालोतरा, पिपाड या भागात आमचे जाणे-येणे तीस वर्षांपासून आहे. पहिल्याच खेपेस पिपाडच्या एका छिपा कारागिराने आग्रहाने जेवायला ठेवून घेतले. दस्तरखानावर बाजरीची रोटी, लसणाची चटणी आणि काळपट काड्यांसारखी एक भाजी आली. आम्हांला ती सुकी गवार वाटली. यजमान हसून म्हणाले, "सेठजी, ही सांगरी. पाऊस येवो न येवो, ही मिळतेच."

आज हीच भाजी बोरीवली पश्चिमेच्या किराणा दुकानांत पाकिटात मिळते. जोधपूरची सूर्यनगरी एक्सप्रेस बोरीवलीस थांबते. गावाहून परतणाऱ्या मारवाडी कुटुंबांच्या सामानात पापड, भुजिया आणि सुक्या भाजीची पिशवी हमखास असते. गिऱ्हाईक दाराशी आहे, पण आपल्या बांधवांचे या मालाकडे अजून लक्ष गेलेले नाही.

सांगरी म्हणजे खेजडीच्या शेंगा. खेजडी ही आपल्याकडची शमी. राजस्थानचा तो राज्यवृक्ष आहे. आखातात त्यालाच गाफ म्हणतात आणि संयुक्त अरब अमिरातीचा तो राष्ट्रीय वृक्ष आहे. सांगरीचा जोडीदार केर, म्हणजे काटेरी झुडपाचे वाटाण्याएवढे फळ. ते इतके कडू की मिठाच्या पाण्यात किंवा ताकात काही दिवस मुरवल्याशिवाय तोंडात धरवत नाही. या दोन्हींत कुमटाच्या बिया, गुंदे (आपली भोकरे) आणि आमचूर मिळवले की पंचकुटा झाला. तेलात परतलेली ही भाजी प्रवासात दोन-तीन दिवस सहज टिकते.

चांगली सांगरी किलोला हजार रुपयांच्या पुढे जाते. कारण उघड आहे. शेंग कोवळी असतानाच, भर उन्हाळ्यात, काट्यांतून हाताने तोडावी लागते. मग उकडून वाळवायची, आणि वाळल्यावर वजन उतरते. त्यात बीकानेर, फलोदीकडे सौरऊर्जेच्या प्रकल्पांसाठी खेजडी तोडली जात असल्याने लोकांनी आंदोलने केली आहेत. झाडे कमी झाली तर माल आणखी महाग होणारच.

महाग मालात भेसळ आली. गेल्या वर्षी एका दुकानातून आणलेल्या पाव किलो सांगरीत निम्मी गवार निघाली. म्हणजे तीस वर्षांपूर्वीची आमची चूक आता दुकानदार मुद्दाम करतात! ओळख सोपी आहे. सांगरी बारीक आणि पीळ पडलेली असते. गवार चपटी असून तिचे दाणे वर उठलेले दिसतात.

नावाचीही खबरदारी हवी. बीकानेरी भुजिया मटकीच्या पिठाची असते आणि 2010 पासून त्या नावाला भौगोलिक मानांकनाचे संरक्षण आहे. मुंबईत तळलेल्या शेवेवर ते नाव छापू नये.

आपल्या खानावळवाल्यांना लाल मांस हा जवळचा पदार्थ आहे. हलाल मटण, दही, लसूण आणि मथानियाची लाल मिरची, एवढ्यावर तो उभा राहतो. काही ठिकाणी त्यात टोमॅटो आणि रंग घालतात. जोधपूरचा माणूस पहिल्या घासालाच ओळखतो आणि पुन्हा येत नाही.

ठशाचे कापड कारागिराच्या हातून कोणत्या भावाने निघते आणि शोरूममध्ये कोणत्या भावाने विकले जाते, हे आमच्या वाचकांना सांगायला नको. सांगरीचीही तीच गत. शेंगा तोडणाऱ्या, वाळवणाऱ्या बायकांपासून बोरीवलीच्या पाकिटापर्यंत मधले हात फार. कापडासाठी किंवा संगमरवरासाठी जे तिकडे जातातच, त्यांनी गावातूनच थेट माल उचलला तर दोन्हीकडे बरकत राहील. दहा-वीस किलोने सुरुवात करावी, अन्नपदार्थ विक्रीची सरकारी नोंदणी आधी करावी. मात्र मुंबईचा पावसाळा विसरू नये. पिपाडच्या कोरड्या हवेत वर्षभर राहणारी सांगरी इथे उघडी राहिली तर तिला बुरशी येते. आमची पहिली दोन किलो अशीच फेकावी लागली. आता हवाबंद डब्यात ठेवतो.

यंदा कापडाच्या गाठींबरोबर पाच किलो सांगरी मागवली आहे. भाव त्या घरच्या बायकांनी सांगितला तोच दिला. कापडात आम्ही मीटरमागे आठ आण्यांसाठी तासभर बसतो, इथे घासाघीस करायला जीभ उचलली नाही.