शिखराच्या आदल्या रात्री

एव्हरेस्टची चढाई म्हटली, की आपल्या डोळ्यांपुढे दोर, हिमकुऱ्हाडी आणि धाडस उभे राहते. परंतु ही चढाई पार पडणार की नाही, हे पुष्कळ अंशी आदल्या रात्री सर्वांत वरच्या तंबूत ठरते. तेथे दोन हिशेब चुकवून चालत नाही : पाण्याचा आणि प्राणवायूचा.

मे १९५२ मध्ये स्विस मोहिमेतील रेमंड लॅम्बर्ट आणि तेनसिंग नोर्गे यांनी सुमारे ८,४०० मीटर उंचीवर एक रात्र काढली. जवळ स्टोव्ह नव्हता, झोपण्याच्या पिशव्याही नव्हत्या. मेणबत्तीवर बर्फ वितळवून मिळाले तेवढेच पाणी. प्राणवायूची उपकरणेही चालताना नीट काम देत नव्हती. दुसऱ्या दिवशी शिखर सुमारे २५० मीटर उरले असता त्यांना माघार घ्यावी लागली.

चोहोकडे बर्फ असताना पाण्याची टंचाई का? समजा, बर्फाचे तापमान उणे २७ अंश सेल्सिअस आहे. एक ग्रॅम बर्फ शून्य अंशापर्यंत आणण्यास सुमारे १३.५ कॅलरी उष्णता लागते. पुढे तो नुसता वितळण्यासाठी आणखी ८० कॅलरी लागतात. हाच अप्रकट उष्मा. या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे एक तृतीयांश असल्याने पाणी सुमारे ७३ अंशांनाच उकळते. म्हणजे उकळण्यापेक्षा वितळवण्यालाच जास्त इंधन लागते!

शिवाय शरीरातील पाणी झपाट्याने घटते. तेथील थंड हवेत बाष्प अत्यल्प असते. फुप्फुसांत ती हवा ३७ अंशांपर्यंत तापते, बाष्पाने संपृक्त होते आणि ते बाष्प उच्छ्वासाबरोबर बाहेर पडते. विरळ हवेमुळे श्वासही भराभर घ्यावा लागतो. पाणी कमी पडले की रक्त दाट होते, थकवा येतो आणि हिमदंशाचा धोका वाढतो.

म्हणूनच १९५३ च्या ब्रिटिश मोहिमेतील शरीरक्रियाशास्त्रज्ञ ग्रिफिथ प्यू यांनी रोज तीन ते चार लिटर द्रव पिण्यावर भर दिला. २८ मेच्या रात्री सुमारे ८,५०० मीटरवरील तंबूत एडमंड हिलरी आणि तेनसिंग यांच्याजवळ स्टोव्ह होता. त्यांनी साखर घातलेले लिंबाचे गरम पेय भरपूर घेतले. पहाटे तापमान उणे २७ अंश होते. हिलरींचे गोठलेले बूटही त्याच स्टोव्हवर मऊ करावे लागले.

दुसरा हिशेब प्राणवायूचा. तो अपेक्षेपेक्षा कमी होता, म्हणून मिनिटाला चार लिटरऐवजी तीन लिटर वापरायचे ठरले. २९ मे रोजी सकाळी साडेसहाला निघून ते नऊच्या सुमारास दक्षिण शिखरावर पोहोचले. तेव्हा प्रत्येकाजवळ ८०० लिटरचे एक भरलेले सिलिंडर उरले होते. मिनिटाला तीन म्हणजे तासाला १८० लिटर. म्हणजे जेमतेम साडेचार तास, आणि त्यातच उतरायचेही होते. साडेअकराला ते शिखरावर पोहोचले आणि सुमारे पाव तासातच उतरू लागले.

हे गणित वर्गात जरूर द्यावे. वेग मिनिटाला चार लिटर ठेवला असता, तर ते सिलिंडर किती वेळ पुरले असते? भागाकाराच्या साध्या उदाहरणावर दोन माणसांचे परतणे कसे अवलंबून होते, हे विद्यार्थ्यांना लगेच उमगेल.