उलटून बघायची वस्तू

इंग्लंडात सुगी आटोपली की नांगरलेल्या रानांतून मेटल डिटेक्टर घेऊन हौशी लोक हिंडू लागतात. मनात सोन्या-चांदीची नाणी असतात आणि हाती बऱ्याचदा हिरवं पडलेलं तांबं-पितळ लागतं: घोड्याच्या साजावरच्या चकत्या, बक्कलं, पट्ट्याच्या टोकाची टोपणं. ज्या चामड्यावर हे जडवलेलं होतं, ते केव्हाच कुजून गेलेलं. असे जिन्नस नोंदवण्यासाठी १९९७ मध्ये ‘पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीम’ सुरू झाली. तिच्या खुल्या नोंदवहीत आज १५ लाखांहून अधिक वस्तू आहेत.

मी गुंतलो तो टोपणांत. नवव्या शतकातलं अँग्लो-सॅक्सन टोपण जेमतेम बोटाच्या दोन पेरांएवढं. खालच्या टोकाला जनावराचा मुखडा, स्वल्पविरामासारखे कान. वरचं टोक मधोमध चिरलेलं. त्या फटीत पट्टा सरकवायचा आणि सहसा दोन रिव्हेट ठोकून पक्का करायचा. म्हणजे जेवढी फट, तेवढाच पट्टा जाड! हजार वर्षांपूर्वीच्या चामड्याची जाडी आज व्हर्नियर लावून मोजता येते, याचं मला फार अप्रूप वाटतं. फट फारच बारीक असली तर तिथे कापडी पट्टी असण्याचाही संभव.

जाणकार नक्षी पाहून झाली की वस्तू उलटी करतात. तेराव्या-चौदाव्या शतकातली ढालीच्या आकाराची लोंबती चकती वरच्या कडीवरून आणि घराण्याच्या चिन्हात उरलेल्या मीन्यावरून ओळखू येते. एकोणिसाव्या शतकातल्या ओतीव पितळी चकतीच्या पाठीवर मात्र घासून काढलेल्या खुंट्यांच्या खुणा सापडतात. कानस मारताना शेगड्यात धरायला त्या ओततानाच ठेवलेल्या असत. पुढे ठशाने काढलेल्या चकत्या आल्या. त्या पातळ पत्र्याच्या, हाताला हलक्या लागतात.

खरी भीती सापडल्यानंतरच्या पहिल्या तासाची आहे. पितळ काळवंडलेलं दिसलं की आपला हात चिंचेकडे जातो, तसा तिथे ब्रशकडे आणि लिंबाच्या रसाकडे. तांब्याचे क्षार जंतूंना मारक असल्याने रिव्हेटभोवती कधीकधी चामड्याचा कण टिकून राहतो. एका घासण्यात तो जातो, सोन्याच्या मुलाम्याचा उरलासुरला पापुद्राही जातो.

कायद्याचा आधारही तोकडा. १९९६ च्या ट्रेझर ॲक्टचा भर सोन्या-चांदीवर. २०१० मध्ये कंब्रियात सापडलेलं क्रॉस्बी गॅरेटचं रोमन शिरस्त्राण कांस्याचं म्हणून त्यातून सुटलं आणि लिलावात सुमारे २३ लाख पौंडांना खासगी हाती गेलं. २०२३ मध्ये व्याख्या रुंदावली, तरी साधी पितळी चकती सहसा बाहेरच राहते. ती दाखवायची की नाही, हे सापडणाऱ्याच्या मर्जीवर. त्यातही साध्या फुलाच्या आकाराची चकती सर्वांत अवघड. ती कमरपट्ट्यावरची असेल, लगामावरची असेल, नाहीतर एखाद्या पेटीवरची. शेत कोणतं, शेजारी आणखी काय निघालं, एवढाच तिचा पुरावा, आणि तो न लिहिता चकती विकली गेली तर तज्ज्ञालाही पुढे काही सांगता येत नाही.