गंधर्वांचं गणगोत

बालगंधर्वांना ऐन भरात रंगमंचावर पाहिलेला माणूस आता शोधूनही सापडायचा नाही. गंधर्व नाटक मंडळीचं वैभव ओसरलं त्याला नव्वद वर्षं होत आली. तरी सांगली, मिरज, पुणे, बेळगाव, बडोदा या पट्ट्यात कुठल्याही जुन्या घरात विषय काढून पाहा. कुणीतरी पुढे सरसावतंच, 'आमच्या आजोबांनी स्वयंवर किती वेळा पाहिलं होतं, विचारू नका.' हे वाक्य सातबाऱ्याचा उतारा दाखवावा तशा ठसक्यात सांगितलं जातं. आजोबांनी त्या नाटकात पाहिलेली बालगंधर्वांची रुक्मिणी ही त्या घराची मालमत्ता असते. आजोबा गेले, घर वाटण्यांत गेलं, रुक्मिणी मात्र शाबूत आहे.

नारायण श्रीपाद राजहंस यांचा जन्म 26 जून 1888चा. लहानपणी पुण्यात लोकमान्य टिळकांनी त्यांचं गाणं ऐकलं आणि 'बालगंधर्व' म्हटलं, ते नाव जन्मभर चिकटलं. 1905मध्ये ते किर्लोस्कर नाटक मंडळीत आले आणि शाकुंतलातली शकुंतला झाले. मंडळीत नायिका रंगवणाऱ्या भाऊराव कोल्हटकरांना जाऊन तेव्हा काही वर्षं झाली होती आणि मंडळी नव्या नायिकेच्या शोधात होती. 1913 साली गोविंदराव टेंबे आणि गणपतराव बोडस यांच्यासह त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. त्यानंतरची वीसेक वर्षं म्हणजे मराठी रसिकानं पाहिलेलं एक दीर्घ स्वप्नच. मानापमानातली भामिनी, स्वयंवरातली रुक्मिणी, एकच प्याला मधली सिंधू, कान्होपात्रा... यादी सगळ्यांना पाठ आहे, वाढवत नाही.

त्या काळच्या प्रेक्षकांचं वेड मात्र नीट सांगायला हवं, कारण तसं वेड पुढे सिनेमावाल्यांच्याच वाट्याला आलं. बालगंधर्व शालू कसा नेसतात, अंबाड्यावर गजरा कुठे माळतात, पदर कसा सावरतात, हे पाहायला घरंदाज बायका नाटकाला जात आणि घरी आल्यावर आरशासमोर तेच करून पाहत. बायकांनी कसं दिसावं याचे धडे एक पुरुष देत होता आणि समाजाला त्यात काही विचित्र वाटत नव्हतं. पुरुषांनी गंधर्व टोप्या घातल्या. रंगमंचावर खरे भरजरी शालू, खरी अत्तरं. हातचं राखून काही करायचं हे त्यांना माहीतच नव्हतं. प्रेक्षकांना ते 'अन्नदाते मायबाप' म्हणत आणि समोर येईल त्याला 'देवा'. हा नुसता शिष्टाचार नव्हता. 12 मार्च 1911 रोजी मानापमानाचा पहिला प्रयोग होता आणि त्याच दिवशी त्यांची तान्ही मुलगी गेली. प्रयोग झाला. बालगंधर्व भामिनी म्हणून उभे राहिले आणि गायले. ही गोष्ट सांगताना जुन्या माणसांचा आवाज भरून येई. मला त्यात कौतुकाइतकीच भीतीही वाटते. मायबापांनी केवढं मागावं?

8 जुलै 1921ला मुंबईत झालेल्या संयुक्त मानापमानाबद्दल तर पिढ्यान् पिढ्या बोललं गेलंय. केशवराव भोसले धैर्यधर आणि बालगंधर्व भामिनी. ललितकलादर्श आणि गंधर्व या दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांचे धनी टिळक स्वराज्य फंडासाठी एका रंगमंचावर आले. दोघांच्या चाहत्यांनी आपापल्या गड्याची बाजू लावून धरली. कोण वरचढ ठरलं याचा निकाल अजून लागलेला नाही, आणि लागूही नये. केशवराव त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये गेले, त्यामुळे त्या रात्रीला कायमची हळहळ चिकटली. गायकनट दीनानाथ मंगेशकरांचे चाहते आणखी वेगळेच. तिथे तान कशी वीज पडावी तशी पडते, त्यावर ते जीव टाकणार. बालगंधर्ववाल्यांचा जीव लयीत आणि शब्दात.

गाण्याबद्दल थोडं थांबून बोललं पाहिजे, कारण आठवणींच्या गर्दीत नेमकं तेच राहून जातं. भास्करबुवा बखले त्यांचे गुरू. स्वयंवरातल्या चाली बुवांच्या. घराण्यांची तालीम पचवलेल्या त्या माणसानं बंदिशी नाटकात आणल्या, पण ख्याल जसाच्या तसा रंगमंचावर उतरवला नाही. बालगंधर्व शब्द सोडत नाहीत, हा त्यांचा पहिला गुण. रुक्मिणी यमनातलं पद गाते तेव्हा ती आधी रुक्मिणी असते आणि मग यमन. एकच ओळ पुन:पुन्हा घ्यायची, दरवेळी शब्दावरचा भार थोडा सरकवायचा, आणि लयीशी असं खेळायचं की समेवर कधी आलो ते ऐकणाऱ्याला कळूही नये. आवाज चढवल्याची, जोर लावल्याची खूण कुठेच नाही. आणि हे सारं ध्वनिवर्धकाशिवाय. शेवटच्या रांगेतल्या माणसाला कुजबुज ऐकू जावी इतका स्वच्छ उच्चार आणि इतका नेमका सूर. एकेका नाटकात पन्नासाच्या आसपास पदं, वर वन्समोअर. रात्री सुरू झालेला प्रयोग पहाटेला भिडे तो उगाच नव्हे.

साथीला माणसं तरी कोण? तबल्यावर अहमदजान थिरकवा, सारंगीवर कादरबक्ष. थिरकवा खाँसाहेबांचा तबला ऐकायलाच काही लोक तिकीट काढत. आज शास्त्रीय मैफलींत ज्यांना मानाचं पान मिळालं असतं, ते तिथे पिटात बसून साथ करत होते. मराठी मध्यमवर्गाचा शास्त्रीय संगीताचा कान तयार झाला तो या पिटाच्या दोन्ही बाजूंना, असं माझं मत आहे. गुरुकुलात जायची ज्यांची ऐपत नव्हती, त्यांनी बिहाग आणि भीमपलास नाटकाच्या तिकिटात शिकून घेतले.

कर्जाची कथा सगळ्यांना ठाऊक आहे. 1920च्या द्रौपदी नाटकात मयसभेवर पाण्यासारखा पैसा गेला, बाकी थाट होताच, कर्ज लाखांच्या घरात पोचलं. देणं बुडवायचं नाही, या हट्टानं बालगंधर्व गात राहिले. बोलपट आले तशी नाटक मंडळीची पडती सुरू झाली. 1935मध्ये 'प्रभात'च्या धर्मात्मा चित्रपटात दिग्दर्शक व्ही. शांताराम यांनी त्यांना संत एकनाथ केलं. पुरुषवेषातले बालगंधर्व प्रेक्षकांना रुचले नाहीत. कॅमेऱ्यापुढे मन रमेना. ते परत रंगमंचाकडे वळले, परत शालू नेसले, तेव्हा वय पन्नाशीकडे झुकलेलं होतं.

इथे चाहत्यांचंही काही चुकलं, हे बोललंच पाहिजे. एक तर, थकलेल्या शरीरावर तरुण नायिकेचा वेष चढवायला लावणारं प्रेम हे थोडं स्वार्थी प्रेम होतं. आपली तरुणपणची रुक्मिणी पुन्हा हवी म्हणून आपण साठीच्या माणसाला उभं केलं, आणि मग बाहेर पडून हळहळलो. दुसरं, गोहरबाई कर्नाटकी. त्यांचं आणि बालगंधर्वांचं सहजीवन सुरू झालं तेव्हा कितीतरी चाहत्यांनी सगळ्या अधोगतीचं खापर या बाईच्या डोक्यावर फोडलं. धर्म वेगळा, जात वेगळी, त्यात गाणारी. अमीरबाई कर्नाटकीची ही बहीण स्वतः तयारीची गायिका होती आणि बालगंधर्वांची गायकी तिनं मनापासून आत्मसात केली होती. पडत्या काळात ती त्यांच्या बरोबर राहिली. मंडळी कशामुळे बुडाली याचा हिशेब कर्ज, बोलपट आणि वय या तीन रकान्यांत पुरा होतो. गोहरबाईंसाठी चौथा रकाना काढायची गरज नव्हती.

1964मध्ये पद्मभूषण मिळालं. 15 जुलै 1967 रोजी पुण्यात बालगंधर्व गेले. त्यांच्या नावाच्या रंगमंदिराचं भूमिपूजन त्यांच्याच हस्ते 8 ऑक्टोबर 1962ला झालं होतं, पण उद्‍घाटन पाहायला ते राहिले नाहीत. ते झालं 26 जून 1968ला, त्यांच्या जन्मदिनी. तिथे गोपाळ देऊसकरांनी रंगवलेली त्यांची चित्रं आहेत, एक पुरुषवेषातलं आणि एक स्त्रीवेषातलं. नाटकाला आलेली निम्मी मंडळी चहाच्या घाईत त्यांच्यासमोरून निघून जातात, हा भाग वेगळा.

गाणं मात्र अनेकांनी उचलून धरलं. जयराम आणि जयमाला शिलेदारांनी 1949मध्ये मराठी रंगभूमी ही संस्था काढून संगीत नाटकं गावोगाव नेली, पुढे कीर्ती शिलेदारांनी तोच वारसा सांभाळला. जयमालाबाई खुद्द बालगंधर्वांकडे शिकलेल्या. कुमार गंधर्वांनी 'मला उमजलेले बालगंधर्व' हा कार्यक्रम केला, तेव्हा कित्येकांना कळलं की आपण ज्याला नुसता गोडवा म्हणत होतो तो विचार आहे. कुमारांनी नक्कल केली नाही, स्वतःच्या गळ्यातून ते गाणं पुन्हा शोधलं. माझ्या मते बालगंधर्वांना वाहिलेली ही सर्वांत मोठी आदरांजली. 2011मध्ये रवी जाधवांच्या 'बालगंधर्व' चित्रपटातून सुबोध भावे यांच्या अभिनयानं आणि आनंद भाटे यांच्या गाण्यानं एक नवी पिढीही ओढून आणली. भाटेंना त्या गाण्यांसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

आता उरल्या त्या तबकड्या. लाखेच्या, 78 फेऱ्यांच्या, एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं. रंगमंचावर जे पद वन्समोअर घेत घेत लांबत जाई, ते इथे कापून, घाईनं, कर्ण्यापुढे उभं राहून गायलेलं. त्यात आवाजाची खोली पुरती उतरत नाही आणि प्रेक्षकांची दाद तर नाहीच. म्हणूनच नव्या ऐकणाऱ्याला पहिल्या फेरीत प्रश्न पडतो, 'हे एवढं काय?' त्याला हसू नये. बालगंधर्वांचा मोठेपणा त्या तीन मिनिटांच्या पलीकडे होता, आणि त्या पलीकडच्याची साक्ष द्यायला ऐकणाऱ्यांच्या आठवणी तेवढ्या आहेत. त्या अतिशयोक्त असतील, पण त्या वगळल्या तर आपल्या हाती खरखर उरते. मुंबईत 1990मध्ये सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स उभी राहिली, आणि अशा हौशी संग्राहकांनी कितीतरी तबकड्या भंगारातून वाचवल्या. सरकारी खात्यांआधी हे काम रसिकांनी केलं आहे.

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावर जुन्या तबकड्यांचा गठ्ठा सापडला, तर रद्दीवाल्याला हाक मारू नका. लाख ठिसूळ असते, तबकड्या एकावर एक आडव्या रचू नका, उभ्या ठेवा. ओल्या फडक्यानं लेबल पुसू नका, त्यावरची अक्षरं आणि क्रमांकच मोलाचे असतात. प्रत्येक लेबलाचा फोटो काढून ठेवा आणि ओळखीच्या एखाद्या संग्राहकाकडून गाण्यांची डिजिटल प्रत करून घ्या. घरात कुणी ऐंशी-नव्वदीचं असेल आणि त्यांनी उतारवयातले बालगंधर्व पाहिले असतील, तर त्यांचं बोलणं फोनवर रेकॉर्ड करून घ्या. हे काम पुढच्या दिवाळीवर ढकलू नका.