आभासी यंत्र व आभासी डिस्क : दोषनिदानाची दिशा

एकाच संगणकावर अनेक स्वतंत्र संगणक नांदत असल्याचा आभास निर्माण करण्याची कल्पना आजची नव्हे. आय.बी.एम.च्या केंब्रिज (मॅसॅच्युसेट्स) येथील केंद्रात सीपी-४० ही प्रणाली १९६७ मध्ये वापरात आली व १९७२ मध्ये व्हीएम/३७० जाहीर झाली. आज हीच सोय साध्या संगणकावरही उपलब्ध आहे. तथापि तिच्यातील दोषांचे निदान करताना अभ्यासकांची पुष्कळदा गल्लत होते. दोष यजमान संगणकाचा, अतिथी यंत्राचा की त्या दोहोंमधील नियंत्रक प्रणालीचा, हा प्रश्न प्रथम सोडविला जात नाही, हे या गल्लतीचे मूळ होय.

यंत्र मुळीच सुरू होत नसेल, तर प्रथम प्रोसेसरकडे पाहावे. इंटेलने २००५ मध्ये व ए.एम.डी.ने २००६ मध्ये आपल्या प्रोसेसरांत आभासीकरणास साहाय्यक अशी योजना अंतर्भूत केली. परंतु ती कित्येक संगणकांच्या फर्मवेअरमध्ये बंद ठेवलेली असते. ती चालू असूनही अडचण येत असेल, तर दुसऱ्या एखाद्या नियंत्रक प्रणालीने तिचा ताबा घेतला आहे काय, हे तपासणे इष्ट.

यंत्र सुरू होते, पण कार्यप्रणाली सापडत नाही, असे घडल्यास डिस्क बिघडली असे लगेच मानू नये. आयडीई जोडणीवर स्थापिलेली कार्यप्रणाली साटा अथवा स्कझी जोडणीवर नेल्यास तिला आवश्यक ड्रायव्हर सापडेलच असे नाही. तसेच बायोस पद्धतीने स्थापिलेली डिस्क यूईएफआय पद्धतीच्या यंत्रास लावल्यास बहुधा उघडत नाही. दोन्ही प्रसंगी मूळ मांडणी पूर्ववत करणे हाच सरळ उपाय होय.

आभासी डिस्क ही वस्तुतः यजमानावरील एक फाईल असते. वाढत्या आकाराच्या डिस्कमध्ये अतिथीला १०० जीबी जागा दिसते, परंतु यजमानावर ४० जीबीच शिल्लक असू शकते. ती संपली म्हणजे, अतिथीला मोकळी जागा दिसत असतानाही यंत्र थांबते. उलटपक्षी, डिस्क ५० वरून ८० जीबी केली, तरी तिच्यातील विभाग व फाईलव्यवस्था स्वतंत्रपणे वाढवावी लागते. अन्यथा वाढीव जागा निरुपयोगीच राहते.

सर्वांत गंभीर हानी स्नॅपशॉटविषयीच्या गैरसमजातून होते. सामान्यतः स्नॅपशॉट घेतल्यावर मूळ फाईल गोठविली जाते व पुढील बदल निराळ्या फाईलीत साठतात. ही निराळी फाईल मूळ फाईलीवाचून निरर्थक असते. जागा वाचविण्यासाठी या साखळीतील एखादी फाईल परस्पर पुसली, तर महिनोगणती जमविलेली संशोधनसामग्री नष्ट होण्याचा संभव असतो. स्नॅपशॉट काढणे ते नियंत्रक प्रणालीच्या द्वारेच काढावे. स्नॅपशॉट म्हणजे सुरक्षित प्रत नव्हे, हे तर कधीही विसरू नये.

सारांश, दुरुस्तीस हात घालण्यापूर्वी यंत्र पूर्णपणे बंद करावे, त्याच्या सर्व फाईलींची प्रत अन्य डिस्कवर ठेवावी, नियंत्रक प्रणालीची नोंदवही वाचावी आणि एका वेळी एकच बदल करावा. या क्रमाने गेल्यास दोष कोठे आहे ते कळते, आणि निदान चुकले तरी मूळ सामग्री शाबूत राहते.