बाद पद्धत, स्विस लीग आणि मानांकन : मोठ्या कॅरम स्पर्धांच्या आयोजनाचा विचार

प्रस्तावना

कॅरम हा महाराष्ट्रात घरोघरी खेळला जाणारा खेळ आहे. वाचनालये, गणेशोत्सव मंडळे, वसतिगृहे आणि कार्यालयीन करमणूक केंद्रे यांतून त्याचा प्रसार झाला. मुंबईतील चाळींनी या खेळाला खेळाडू दिले, तर रिझर्व्ह बँक, आयुर्विमा महामंडळ, एअर इंडिया आणि तेल कंपन्या यांनी त्या खेळाडूंना नोकऱ्या दिल्या. १९८८ साली चेन्नई येथे आंतरराष्ट्रीय कॅरम महासंघ स्थापन झाला. चेन्नईचे मारिया इरुदयम १९९१ व १९९५ साली जगज्जेते ठरले आणि पुढे अर्जुन पुरस्काराचेही मानकरी झाले. महाराष्ट्रातूनही योगेश परदेशी, प्रशांत मोरे यांच्यासारखे जगज्जेते घडले.

असे असले तरी स्पर्धात्मक कॅरम प्रामुख्याने मुंबई, ठाणे, पुणे व कोकणपट्टी या भागांत रुजले. खेळ सर्वत्र, स्पर्धा मात्र मोजक्या ठिकाणी, अशी ही स्थिती आहे. तिचे कारण सामान्यतः पैशाच्या अभावात शोधले जाते. ते काही अंशी खरे असले तरी स्पर्धेची रचना हे त्याहून महत्त्वाचे कारण आहे. नवख्या खेळाडूला एक सामना खेळवून घरी पाठविणारी रचना कितीही मोठे पारितोषिक ठेवले तरी वाढत नाही. हे विधान प्रस्तुत लेखात एका लहान गावाचे उदाहरण घेऊन तपासले आहे.

बाद पद्धतीचे गणित

हिंगोली-वाशीम मार्गावरील कनेरगाव नाका हे मराठवाडा आणि विदर्भ यांच्या सीमेवरील गाव. दोन्ही बाजूंचे खेळाडू येऊ शकतील असे हे ठिकाण आहे. तेथे ६४ खेळाडूंची एकेरी स्पर्धा घ्यावयाची आहे आणि आयोजकांकडे प्रमाणित मापाचे ८ कॅरमबोर्ड आहेत, असे समजू.

प्रचलित नियमांनुसार एक डाव २५ गुणांचा किंवा ८ बोर्डांचा असतो. यांपैकी जे आधी पूर्ण होईल त्यावर डाव संपतो. सामना तीन डावांपैकी दोन डाव जिंकण्याचा. (येथे ‘बोर्ड’ म्हणजे सोंगट्या एकदा मांडून संपेपर्यंतचा खेळ, लाकडी साधनासाठी लेखात ‘कॅरमबोर्ड’ हाच शब्द वापरला आहे.) एका सामन्यास सरासरी एक तास धरला, तर बाद पद्धतीने ६३ सामने होतात. पहिल्या फेरीचे ३२ सामने ८ कॅरमबोर्डांवर चार पाळ्यांत, दुसऱ्या फेरीचे १६ सामने दोन पाळ्यांत आणि त्यापुढील प्रत्येक फेरी एकेका पाळीत संपते. एकूण १० पाळ्या, म्हणजे १० तास.

आयोजकाच्या दृष्टीने हा हिशेब सुटसुटीत आहे. खेळाडूच्या दृष्टीने पाहिल्यास चित्र पालटते. पहिल्या चार तासांत ३२ जण बाद होतात. सेनगाव किंवा रिसोडहून दोन बस बदलून आलेला महाविद्यालयीन मुलगा भाग्यपत्रिकेत मानांकित खेळाडूसमोर आला, तर त्याचा सामना अर्ध्या तासातही आटोपतो. दुसरीकडे शेवटच्या तीन फेऱ्यांत अनुक्रमे चार, दोन आणि एक असे सामने असल्यामुळे तीन पाळ्यांतील २४ जागांपैकी १७ जागा रिकाम्या राहतात. म्हणजे साधनेही पडून आणि खेळाडूही बसून. पुढील वर्षी प्रवेशिका घटतात याचे आश्चर्य वाटण्याचे कारण नाही.

स्विस लीगचा पर्याय

या अडचणीवर बुद्धिबळाने फार पूर्वी उपाय शोधला. १८९५ साली झ्युरिच येथील स्पर्धेत ज्युलियस म्युलर यांनी योजलेली पद्धत ‘स्विस पद्धत’ या नावाने रूढ झाली. तीत कोणीही बाद होत नाही. प्रत्येक फेरीत समान गुण असलेल्या खेळाडूंची गाठ घालून दिली जाते. आंतरराष्ट्रीय कॅरममध्येही स्विस लीग हा प्रकार खेळविला गेला आहे. म्हणजे कॅरमला ही कल्पना परकी नाही. गावपातळीवरील स्पर्धांनी तिचा पुरेसा उपयोग करून घेतलेला नाही, एवढेच.

वरील ६४ खेळाडूंसाठी सहा फेऱ्या पुरतात. प्रत्येक फेरीत ३२ सामने, म्हणजे चार पाळ्या. एकूण २४ पाळ्या. पूर्ण सामने ठेवल्यास २४ तास लागतील आणि ते शक्य नाही. म्हणून सामना चार बोर्डांचा करून त्यास २५ मिनिटांची मर्यादा घालावी. तसे केल्यास २४ पाळ्यांचे बरोबर १० तासच होतात. बोर्डांची संख्या सम असणे येथे आवश्यक आहे; कारण आरंभीचा स्ट्राइक करणाऱ्यास पांढऱ्या सोंगट्या मिळतात आणि त्याचा लाभ निपुण खेळाडूंत निर्णायक ठरू शकतो. चार बोर्डांत तो दोघांनाही दोनदा मिळतो. गुण समान झाल्यास एक जादा बोर्ड खेळवावा.

तेवढ्याच वेळात, तेवढ्याच कॅरमबोर्डांवर ६३ ऐवजी १९२ सामने होतात. सहा फेऱ्यांनंतर विजयांची विभागणी कशी असेल तेही आधी सांगता येते : सहा विजय मिळविणारा १, पाच विजयांचे ६, चार विजयांचे १५, तीन विजयांचे २०, दोन विजयांचे १५, एका विजयाचे ६ आणि एकही विजय न मिळालेला १. बाद पद्धतीत एकही विजय न मिळविता परतणारे ३२ असतात. येथे तो एकच राहतो. स्पर्धेच्या वाढीचे बीज या एका आकड्यात आहे.

या पद्धतीचे दोषही सांगितले पाहिजेत. चार बोर्डांच्या सामन्यात दैवाचा वाटा वाढतो. त्यामुळे अजिंक्यपद स्विस फेऱ्यांवरच न ठरविता पहिल्या आठ खेळाडूंचे पूर्ण सामने बाद पद्धतीने दुसऱ्या दिवशी घेणे श्रेयस्कर. त्यास आणखी तीन तास लागतात. मात्र सहा व पाच विजय मिळविणारे मिळून सातच होतात आणि आठवी जागा चार विजयांच्या पंधरा जणांतून निवडावी लागते. तेव्हा केवळ गुणफरक पाहिल्यास दुबळ्या प्रतिस्पर्ध्यास मोठ्या फरकाने हरविणाऱ्याला अवाजवी लाभ होतो. प्रतिस्पर्ध्यांनी मिळविलेल्या एकूण विजयांची बेरीज हा निकष प्रथम आणि गुणफरक नंतर, हा क्रम अधिक न्याय्य आहे. तो प्रवेशपत्रिकेवरच छापावा. सामने संपल्यावर निकष जाहीर करणे म्हणजे वादास निमंत्रणच.

पंचांचा तुटवडा ही गावातील नेहमीची अडचण. स्विस लीगमध्ये एका पाळीत १६ जण खेळतात व ४८ जण मोकळे असतात. त्यांतील आठ जणांना क्रमाने पंचाचे काम देता येते. यातून नियमांचे शिक्षणही आपोआप घडते. राणी झाकण्याचा नियम, २२ गुणांनंतर राणीचे तीन गुण न मिळण्याचा नियम, स्ट्रायकर भोकात गेल्यास होणारा दंड या बाबी घरगुती खेळात शिथिलपणे पाळल्या जातात. पंचाच्या खुर्चीत बसल्यावर त्या पक्क्या होतात.

पिनबॉलचा अनुभव

या संदर्भात अमेरिकेतील पिनबॉल या खेळाचा अनुभव उद्बोधक आहे. काचेखालच्या उतरत्या पटावर पोलादी गोळी फटकाऱ्यांनी खेळविण्याचा हा यांत्रिक खेळ. तो जुगार समजून न्यूयॉर्क शहराने १९४२ पासून १९७६ पर्यंत त्यावर बंदी घातली होती. रॉजर शार्प या लेखकाने नगर परिषदेच्या समितीसमोर खेळून दाखविले आणि हा दैवाचा नव्हे, कौशल्याचा खेळ आहे हे सिद्ध केले. असा उपेक्षित खेळ पुढे हजार खेळाडूंच्या स्पर्धेपर्यंत पोहोचला.

पिट्सबर्ग येथे २०११ ते २०१९ या काळात भरलेल्या ‘पिनबर्ग’ स्पर्धेत चार-चार खेळाडूंचे गट करून दहा फेऱ्या खेळविल्या जात. प्रत्येक फेरीत चार यंत्रांवर खेळ होई आणि क्रमानुसार ३, २, १, ० असे गुण मिळत. म्हणजे अगदी नवख्या खेळाडूच्याही वाट्याला चाळीस खेळ येत. पहिल्या दिवसाच्या कामगिरीवरून खेळाडूंची चार विभागांत वाटणी होई आणि प्रत्येक विभागाची अंतिम फेरी स्वतंत्र असे. परिणामी चौथ्या विभागातील खेळाडूलाही अखेरपर्यंत जिंकण्यासारखे काही उरत असे. कोविडमुळे २०२० ची स्पर्धा रद्द झाली व ही परंपरा खंडित झाली; रचनेचा धडा मात्र कायम आहे. कनेरगाव नाक्यासारख्या ठिकाणी पहिल्या आठांबरोबरच त्यापुढील आठ-आठ खेळाडूंसाठी दुसऱ्या व तिसऱ्या गटाची अंतिम फेरी ठेवता येईल.

दुसरा धडा मानांकनाचा. आंतरराष्ट्रीय पिनबॉल संघटनेने २००६ साली जागतिक क्रमवारी नव्याने सुरू केली. कोणत्याही गावातील, कोणाच्या घरातील स्पर्धासुद्धा नियमांत बसत असेल तर तिचे निकाल क्रमवारीत धरले जातात. स्पर्धेला किती गुण द्यावयाचे हे खेळाडूंची संख्या, त्यांचा दर्जा आणि सामन्यांची संख्या यांवरून ठरते. आज त्या क्रमवारीत एक लाखाहून अधिक नावे आहेत. २०१८ पासून अमेरिका व कॅनडातील स्पर्धांकडून प्रतिखेळाडू एक डॉलर घेऊन राज्य व प्रांत पातळीवरील अजिंक्यपदांचा पारितोषिक निधी उभारला जाऊ लागला.

महाराष्ट्र कॅरम असोसिएशनच्या राज्य मानांकन स्पर्धा आहेतच. परंतु तेथे जाऊन खेळल्यावरच मानांकन मिळते. हिंगोली, वाशीम, परभणी येथील लहान स्पर्धांच्या निकालांना त्या शिडीत खालची का होईना, पायरी मिळाली, तर गावातील विजयाला गावाबाहेर अर्थ प्राप्त होईल. बुद्धिबळात १९७० पासून आंतरराष्ट्रीय महासंघाने स्वीकारलेल्या एलो गुणांकनाने हेच कार्य केले.

निधी, साधने व दिनांक

ग्रामीण स्पर्धांचा निधी बहुधा एखाद्या नेत्याच्या नावाच्या चषकावर अवलंबून असतो. निवडणूक सरली की चषक थांबतो आणि स्पर्धाही थांबते. त्यापेक्षा प्रवेशशुल्कातून दरवर्षी एक चांगला कॅरमबोर्ड विकत घेणारे मंडळ अधिक टिकते. कॅरमबोर्डांची संख्या ८ वरून १६ झाली की तेवढ्याच वेळात १२८ खेळाडू सामावतात. केवळ एक फेरी वाढवावी लागते. पहिले बक्षीस दुप्पट केल्याने एकही जागा वाढत नाही.

सर्व कॅरमबोर्ड एकाच घडणीचे, एकाच उंचीच्या स्टँडवर आणि वर समान प्रकाश असलेले हवेत. दमट हवेत लाकूड ओलावा धरते व सोंगट्या मंदावतात. पावडरीने तो दोष पुरता जात नाही. म्हणून पावसाळा टाळावा. सोयाबीनची काढणी ऑक्टोबरपर्यंत चालते आणि हळदीची काढणी व शिजवणी फेब्रुवारीपासून सुरू होते. या काळात हिंगोली जिल्ह्यातील तरुणांना शेतातून सवड नसते. विद्यापीठीय परीक्षांचे वेळापत्रक पाहून डिसेंबरचा उत्तरार्ध किंवा जानेवारीचा आरंभ यांतील एक शनिवार-रविवार निश्चित करावा आणि तो दरवर्षी तोच ठेवावा. शेवटची बस कनेरगाव नाक्यावरून किती वाजता सुटते हे पाहूनच पहिल्या दिवसाची सहावी फेरी लावावी.