हुआन लिन्झ ह्यांचा लोकशाहीविचार

मराठीत ‘शाही’ हे फारसीतून आलेले पद मोठे उदार आहे. लोकशाही, हुकूमशाही, नोकरशाही अशा परस्परविसंगत गोष्टींना ते सारख्याच सहजतेने जोडले जाते. मात्र जी राजवट लोकशाही नव्हे ती हुकूमशाही, अशी ढोबळ विभागणीही ह्याच सोयीमुळे आपल्या अंगवळणी पडली आहे. विसाव्या शतकाच्या मध्यास पाश्चात्त्य राज्यशास्त्रही बहुधा लोकशाही व सर्वंकषशाही ह्या दोनच कप्प्यांत जगाची वाटणी करीत असे. ह्या द्विभागणीस छेद देणारे समाजशास्त्रज्ञ म्हणजे हुआन लिन्झ (१९२६–२०१३) होत.

जर्मन पिता व स्पॅनिश माता ह्यांच्या पोटी बॉन येथे जन्मलेले लिन्झ १९३२ साली स्पेनमध्ये आले. जर्मनीतील प्रजासत्ताकाचा अस्त आणि स्पेनमधील यादवी युद्ध ह्यांची छाया त्यांच्या बालपणावरच पडली. पुढे माद्रिद व कोलंबिया येथे शिक्षण घेऊन १९६८ पासून त्यांनी येल विद्यापीठात अध्यापन केले.

फ्रँकोच्या स्पेनवरील त्यांचा निबंध १९६४ साली प्रसिद्ध झाला. ही राजवट लोकशाही नव्हती हे उघडच होते. परंतु ती हिटलरच्या राजवटीसारखीही नव्हती. तीत मर्यादित स्वरूपाची अनेकसत्ता होती, रेखीव विचारप्रणालीऐवजी केवळ एक मनोवृत्ती होती, आणि जनतेने जयघोष करण्यापेक्षा घरी स्वस्थ बसावे हीच सत्तेची अपेक्षा होती. अशा राजवटीस त्यांनी ‘अधिकारशाही’ हा स्वतंत्र वर्ग दिला. ह्यामुळे फ्रँकोचे रूप सौम्य भासते, असा आक्षेप घेण्यात आला. परंतु रोगाचे नाव अचूक सांगणे म्हणजे रोगाची भलामण करणे नव्हे.

लिन्झ ह्यांचे सर्वांत मोलाचे कार्य मात्र आल्फ्रेड स्टेपन ह्यांच्यासह संपादिलेल्या, लोकशाहीच्या पतनावरील १९७८ च्या ग्रंथात आढळते. लोकशाही आर्थिक संकटाने वा इतिहासाच्या अटळ गतीने कोसळते, हे मत त्यांना पुरेसे वाटले नाही. त्यांनी राजकीय पक्षांचे निष्ठावान, निष्ठाहीन व अर्धनिष्ठ असे तीन वर्ग कल्पिले. निष्ठाहीन पक्ष ओळखू येतो. तो आपला हेतू फारसा लपवीत नाही. खरा घात अर्धनिष्ठ करतात. हे स्वतः हिंसा करीत नाहीत, पण आपल्या बाजूच्या माणसाने केली तर तिच्याकडे कानाडोळा करतात, तिची कारणे सांगू लागतात, आणि प्रतिपक्षास रोखण्यासाठी लोकशाहीच्या शत्रूंशी पडद्याआड बोलणी करतात. जुलै १९३२ च्या निवडणुकीत नाझी पक्षास सुमारे ३७ टक्के मते पडली होती; बहुमत नव्हते. जानेवारी १९३३ मध्ये हिटलरला चॅन्सेलरपदी बसविले ते पापेन आदी सनातनी मुत्सद्द्यांनी, आपण त्याला मुठीत ठेवू ह्या भरवशावर. पतन अटळ नव्हते असे म्हणताच त्याची जबाबदारी विशिष्ट माणसांवर येते. लिन्झ ह्यांच्या विवेचनाचा कणा हाच होय.

अध्यक्षीय पद्धतीचे धोके दाखविणारा त्यांचा १९९० चा लेख बराच गाजला. अध्यक्ष व विधिमंडळ ही दोन्ही लोकांनी निवडलेली असता त्यांच्या झगड्यात खरा जनादेश कोणाचा, हे ठरविण्यास लोकशाही तत्त्व उरत नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते. ते सर्वांस पटले असे नाही.

स्टेपन व योगेंद्र यादव ह्यांच्या सहकार्याने २०११ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्यांची दृष्टी भारताकडे वळलेली दिसते. ‘राष्ट्र-राज्य’ ह्या रूढ समासाची पदे उलटून येथे ‘राज्य-राष्ट्र’ ही संज्ञा मांडली आहे. पहिल्यात एका संस्कृतीस एक राज्य अभिप्रेत असते. दुसऱ्यात अनेक संस्कृतींचे लोक आपापली ओळख न सोडता एका राज्याशी मनाने जोडलेले असतात. ह्यासाठी ग्रंथात तमिळ भाषिकांची तुलना आहे. भारतात १९५६ साली भाषावार राज्यरचना झाली, हिंदीच्या सक्तीचा आग्रह मागे पडला, आणि द्रविड मुन्नेत्र कळघमने १९६३ मध्ये फुटून निघण्याची मागणी सोडली. श्रीलंकेत त्याच १९५६ साली केवळ सिंहली भाषेस राजभाषेचे स्थान देण्यात आले. पुढे तेथे १९८३ ते २००९ असे प्रदीर्घ यादवी युद्ध झाले. तमिळ भाषा दोन्हीकडे एकच. तिच्याशी राज्याने केलेला व्यवहार मात्र निरनिराळा होता.