विश्लेषण : २६ आठवड्यांची रजा संपल्यावर काय? स्तनपानासाठी कायद्यात कोणती तरतूद?

प्रसूती रजा २६ आठवड्यांची, हे आता बहुतेक नोकरदार महिलांना ठाऊक आहे. कामावर परतल्यानंतर बाळाला दूध पाजण्यासाठीही हक्काची सुट्टी मिळते, हे मात्र अनेकींना रजा संपेपर्यंत कुणी सांगतच नाही.

रजेचा नियम काय?

मातृत्व लाभ कायदा १९६१ चा. २०१७ च्या दुरुस्तीने १२ आठवड्यांची पगारी रजा २६ आठवड्यांची झाली. दोन अपत्ये हयात असतील, तर ती १२ आठवडेच मिळते. त्यासाठी प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधीच्या १२ महिन्यांत किमान ८० दिवस काम झालेले असावे लागते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत या तरतुदी कायम आहेत.

मुंबई इलाख्याने असा कायदा १९२९ मध्येच केला होता. त्याच्या विधेयकाची बाजू १९२८ साली विधिमंडळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी मांडली होती.

स्तनपानासाठी किती वेळ?

नेहमीच्या विश्रांतीखेरीज दिवसातून दोन वेळा. बाळ १५ महिन्यांचे होईपर्यंत ही सवलत असते आणि त्यापोटी पगार कापता येत नाही. वेळ किती, हे नियमांवर सोडले आहे. खाणी व सर्कशींसाठीच्या केंद्राच्या १९६३ च्या नियमांत प्रत्येक वेळी १५ मिनिटे दिली होती. पाळणाघर जवळ नसेल, तर जाण्यायेण्यासाठी आणखी ५ ते १५ मिनिटे.

पण बाळ बदलापूरला आजीकडे आणि आईचे कार्यालय नरिमन पॉइंटला असेल, तर या १५ मिनिटांचे करायचे काय?

मग उपयोग कसा होणार?

खरी मदार पाळणाघरावर आहे. ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेला ठरावीक अंतरात पाळणाघराची सोय करावी लागते आणि आईला तेथे दिवसातून चार वेळा जाता येते. ५० पेक्षा कमी कर्मचाऱ्यांच्या दुकानात किंवा कार्यालयात हे बंधन नाही. तेथील आईपुढे दूध काढून ठेवण्याचा पर्याय उरतो. त्यासाठी आडोशाची स्वच्छ जागा आणि फ्रिज लागतो. मातृत्व लाभाच्या तरतुदींत त्याचा उल्लेख नाही. अनेकींना स्वच्छतागृहातच दूध काढावे लागते.

वयाचे गणितही पाहण्यासारखे आहे. प्रसूतीआधी कमाल आठ आठवडे रजा घेतली, तर नंतर १८ उरतात. म्हणजे आई कामावर परतते तेव्हा बाळ जेमतेम चार महिन्यांचे असते. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस सहा महिने फक्त स्तनपानाची आहे.

रजेचा पगार कोण देते?

राज्य कामगार विमा योजनेतील महिलांना महामंडळ देते. इतरत्र सगळा भार मालकावर पडतो. त्यामुळे छोटे व्यावसायिक तरुण विवाहितेला नोकरी देतानाच हात आखडता घेतात, ही टीका २०१७ पासूनची आहे.

कंत्राटी महिलांचे काय?

कंत्राट संपले म्हणून लाभ थांबत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये कविता यादव प्रकरणात स्पष्ट केले. रजेच्या काळात कामावरून काढणे बेकायदा आहे. लाभ नाकारल्यास कामगार विभागाच्या अधिकाऱ्याकडे तक्रार करता येते. त्यासाठी नियुक्तीपत्र, पगाराच्या पावत्या आणि रजेच्या लेखी अर्जाची पोच जपून ठेवावी. तोंडी मागितलेली रजा नंतर सिद्ध करणे कठीण जाते.